मागे स्क्रू आहेत का?

दुकानात कुठलीही वस्तू हातात घेतली की काका ती आधी पालथी करायचे. मिक्सर असो, टॉर्च असो, नाहीतर भिंतीवरचं घड्याळ. पुढून ती कशी दिसते, कुठकुठल्या रंगांत मिळते, यात त्यांना काडीचा रस नसे. चष्मा कपाळावर सरकवून ते तिची पाठ निरखायचे आणि विचारायचे, "इसके पीछे स्क्रू है क्या?"

अमिरातीतल्या रास अल खैमाच्या दुकानांमधले सेल्समन या प्रश्नाने गोंधळून जायचे. मग एखादा उत्साहाने सांगायचा, "सर, ये पूरा सील्ड है. खोलने की जरूरत ही नहीं पड़ेगी." झालं. काकांचा चेहरा असा पडायचा, की जणू कुणीतरी त्यांना सांगितलंय, मुलगी छान आहे पण बोलत नाही. वस्तू जिथून उचलली तिथे ठेवून ते दाराकडे चालू लागायचे. मागून काकूंचा आवाज यायचा, "अहो, इस्त्री घ्यायला आलोय आपण. सोयरीक जमवायला नाही."

काका आमच्या टाईल्सच्या कारखान्यात मेंटेनन्सचे प्रमुख होते. मी पर्चेसमध्ये. लग्न होऊन नवीन नवीन तिथे गेले तेव्हा मला त्या गावात डोंगर, समुद्र आणि कारखान्यांची धूळ याखेरीज काही दिसत नव्हतं. पहिल्याच आठवड्यात एका भट्टीच्या पंख्याची बेअरिंग मागवायची होती. माझ्या टेबलापाशी एक उंच, वाकलेला माणूस येऊन उभा राहिला. खिशात पेनाच्या जागी बारका स्क्रूड्रायव्हर. पाटीवरचं माझं माहेरचं आडनाव वाचून म्हणाला, "मिरजेची का?" मी हो म्हटलं. "माझी बायको मिरजेची. म्हणजे तू तिच्या माहेरची. शुक्रवारी जेवायला ये. नवऱ्यालाही आण."

त्या एका वाक्याने माझं परदेशातलं माहेर ठरून गेलं, आणि माझा नवरा त्यांचा जावई. ते त्याला शेवटपर्यंत 'जावईबापू' म्हणत राहिले. त्यात मान किती आणि टोमणा किती, हे ज्याचं त्याने ठरवावं. कारण माझा नवरा दुबईत, अल कुसैसमध्ये एका मोबाईल सर्व्हिस सेंटरचा मॅनेजर होता. एका बड्या फोन कंपनीची अधिकृत एजन्सी. आणि काकांचा मुख्य उद्योग, नोकरी सोडून जो काही उरतो तो, त्याच कंपनीचे फोन जेलब्रेक करणं, म्हणजे कंपनीने आत घातलेलं कुलूप तोडणं, हा होता.

पहिल्याच शुक्रवारी हे उघडकीला आलं. काकूंनी मसालेभात वाढला होता, आणि काकांनी सहज विचारावं तसं विचारलं, "मग जावईबापू, तुमच्या कंपनीचा फोन मी विकत घेतला. तो कुणाचा?"

"तुमचाच, काका."

"मग त्यात मला हवं ते ॲप का टाकता येत नाही? तुमच्याच दुकानातनं घ्यायचं, तुम्ही पास केलेलंच घ्यायचं. हा कुठला न्याय?"

"सेफ्टीसाठी आहे ते. उद्या कुणी भलतंसलतं टाकलं, बँकेचे डीटेल्स गेले, तर लोक आमच्या काउंटरवर येऊन रडतात. तुमच्याकडे येत नाहीत."

काका हातातला घास तसाच धरून म्हणाले, "पंगतीत वाढप्याने वाढावं. आग्रह करावा. पण पानात हात घालू नये."

माझा नवराही काही कमी नव्हता. "काका, सगळ्यांना स्वयंपाक येत नसतो. लोकांना तयार ताट लागतं. आणि विषबाधा झाली तर धरायला हॉटेलवाला लागतो."

काका मोठ्यांदा हसले. "बाई, तुझा नवरा वाया गेलेला नाही," मला म्हणाले. "त्याला आणत जा."

तेव्हापासून दर शुक्रवारी हा वाद जेवणाबरोबर शिजायचा. पुढे देशाची सुट्टी शुक्रवारवरून शनिवार-रविवारवर गेली, तरी आम्ही त्याला 'शुक्रवारचं जेवण'च म्हणत राहिलो.

काकांच्या या नादाला सुरुवात कशी झाली, ते काकूंनी मला सांगितलं. तेव्हा त्या फोनमध्ये मराठी टाईप करायची सोयच नव्हती. आलेलं मराठी वाचता यायचं, लिहिता यायचं नाही. काकांचे वडील इंग्रजी न कळणारे. त्यांना निरोप पाठवायचा तर 'tumhi kase ahat' असं काहीतरी लिहावं लागे, आणि शेजारच्या मुलाकडून ते वाचून घ्यावं लागे. काकांनी कंपनीला विनंतीची ईमेल केली. उत्तर आलं, सध्या उपलब्ध नाही. "सध्या उपलब्ध नाही म्हणजे काय?" काका खवळले. "काच यांची, तार यांची, मान्य. भाषा यांच्या बापाची आहे का?" मग इंटरनेटवर कुठल्या कुठल्या मुलखातली माणसं शोधून, त्यांच्याशी पत्रव्यवहार करून, त्यांनी आपला फोन उघडला आणि त्यात मराठी कीबोर्ड बसवला.

ही बातमी कारखान्यात पसरली. लेबर कॅम्पमध्ये कोकणातली पुष्कळ माणसं होती. कुणीतरी वापरून विकलेले, काचेला तडा गेलेले फोन त्यांच्याकडे असत. ते संध्याकाळी काकांच्या दारात येऊ लागले. काका एक पैसा घेत नसत. पण एक अट होती. काम झालं की मालकाने तिथेच, त्यांच्यासमोर, पहिला मराठी मेसेज लिहायचा.

एकदा मी तिथे होते. फोर्कलिफ्ट चालवणारे गुहागरचे एक गृहस्थ आले होते. चाळिशी उलटलेली, मोठाले हात. काकांनी फोन त्यांच्याकडे दिला. ते बराच वेळ ती अक्षरं नुसतीच बघत राहिले.

"लिवू काय?" त्यांनी विचारलं.

"जे रोज लिहिता तेच."

एकेक अक्षर शोधत त्यांनी लिहिलं. 'जेवलो. तू जेवलीस काय?' पाठवलं. आम्ही सगळे त्या फोनकडे बघत बसलो. थोड्या वेळाने उत्तराऐवजी फोनच आला. पलीकडून बायको घाबऱ्या आवाजात विचारत होती, "कोण लिवतंय हे? तुम्हीच काय?" आजवर त्यांचे इंग्रजी अक्षरांतले निरोप त्यांची मुलगी वाचून दाखवायची. हा पहिलाच निरोप त्या बाईने स्वतः वाचला होता. गृहस्थ "मीच गो, मीच" म्हणत बाहेर जिन्यात गेले. काका स्क्रूड्रायव्हर खिशाला लावत मला म्हणाले, "हे सांग तुझ्या नवऱ्याला."

मी सांगितलं. नवरा ऐकून घेऊन म्हणाला, "चांगलं केलं. पण त्या माणसाची वॉरंटी गेली."

"त्याच्या फोनला वॉरंटी होती कुठे?"

"तत्त्वतः गेली," तो म्हणाला. तोही काकांच्याच संगतीत बिघडत चालला होता.

कुणाला वाटेल, असा माणूस बंडखोर असेल. मुळीच नाही. काकांइतका नियम पाळणारा माणूस मी त्या देशात पाहिला नाही. गाडी कायम उजव्या, म्हणजे तिथल्या सावकाश लेनमध्ये, ठरलेल्या वेगाच्याही खाली. मागून ट्रेलरवाले हॉर्न देऊन देऊन थकत. एकदा ऑफिसमधला एकजण लाडीगोडी लावत आला, या देशात चालत नाही असलं काहीतरी फोनमध्ये सुरू करून द्या म्हणून. काकांनी त्याला दारातूनच परतवलं. "ज्याच्या घरी राहतो त्याच्या घरचे नियम. चपला बाहेर काढा म्हटलं की बाहेर काढायच्या, वाद नाही. पण मी पैसे देऊन आणलेल्या वस्तूत अजून दुकानदार लपून बसलाय का, हा प्रश्न वेगळा." फुकटची चोरीची ॲप्स मागणाऱ्यांनाही ते हाकलायचे. "कुलूप उघडून देतो. घर लुटून देत नाही. यल्ला, निघा."

आणि हातून चुकाही व्हायच्या. माझा फोन त्यांनी एकदा उघडायला घेतला आणि तो मध्येच काळा पडला तो पडलाच. चालू होईना, बंद होईना. या धंद्यात अशा फोनला 'वीट झाली' म्हणतात. माझ्या नवऱ्याला तर आकाश ठेंगणं झालं. "टाईल्सच्या कारखान्यात विटाही करायला लागलात काय काका? नवीन प्रॉडक्ट लाइन?" काका ओशाळले. स्वतःचा फोन त्यांनी मला वापरायला देऊन टाकला आणि माझी वीट जिवंत होईपर्यंत स्वतः बिनफोनचे फिरले. कारखान्यात कुणाला ते हवे असले की लाउडस्पीकरवरून पुकारा होई. ती अनाउन्समेंट ऐकली की मलाच मेल्याहून मेल्यासारखं होई.

सगळ्या गोतावळ्यात एकच फोन असा होता की ज्याला काकांचा हात लागला नव्हता. काकूंचा.

काकू इंडियन स्कूलमध्ये हिंदी शिकवायच्या. त्यांचं म्हणणं स्वच्छ होतं. "अहो, तुम्हीच म्हणता ना, वस्तू ज्याची त्याने ठरवायचं? हा फोन माझा. मी ठरवलंय, तो बंद राहणार. मला पोरांचे पेपर तपासायचेत, फोन नाही." काकांना आपल्याच तत्त्वाने बांधून ठेवलं होतं. कंपनीने पुढे केव्हातरी मराठी कीबोर्ड स्वतःच दिला. माझा नवरा ती बातमी घेऊन नाचतच आला. "बघा काका, दिला की नाही?" काका म्हणाले, "दिला. म्हणजे अजूनही द्यायचं की नाही ते त्यांच्याच हातात आहे." काकू तोवर आपल्या न उघडलेल्या फोनवर मिरजेला बहिणीला लांबलचक मराठी निरोप पाठवून मोकळ्याही झाल्या होत्या.

हळूहळू काकांच्या दारातली गर्दी कमी होत गेली. लोकांना जे हवं होतं ते कंपनीच देऊ लागली होती. काका मात्र आपला फोन उघडाच वापरत. म्हणायचे, "बाहेर जायचं नसलं तरी दार उघडं असावं. कोंडल्यासारखं वाटत नाही."

काकूंना डायबिटीस होता आणि त्यांना इन्सुलिन घ्यावं लागायचं. एका वर्षी डॉक्टरांनी त्यांच्या दंडाला एक सेन्सर लावून दिला. नाण्याएवढी चकती. ती साखर मोजत राहायची आणि आकडा त्यांच्या फोनवर यायचा. साखर फार खाली गेली की फोन ठणाणा करायचा. घरातल्या आणखी एकाच्या फोनवरही तो आकडा दिसू शकत असे. साहजिकच, काकांच्या.

पण ते ॲप काकांच्या फोनवर चालेना. उघडलेला फोन ओळखून ते सरळ नकार द्यायचं. माझा नवरा म्हणाला, "काका, इथे हट्ट नको. फोन पूर्ववत करून घ्या. मी करून देतो." काका म्हणाले, "माझ्या बायकोची साखर मला दाखवायची की नाही, हे ती कंपनी कोण ठरवणार?" आणि तेव्हा ते चुकीचं काही बोलतायत असं मलाही वाटलं नाही. चार-पाच संध्याकाळी खपून त्यांनी ॲपला चकवायची युक्ती काढली. फोन कधी उघडलेलाच नाही असं त्याला भासवलं. ॲप चालू झालं. काका जग जिंकल्यासारखे हिंडले. मीटिंगमध्येही फोन समोर ठेवून बसायचे. "बघ, आत्ता चहा घेतलाय तिने. साखर घालून. मला सांगते बिनसाखरेचा."

काही महिने हे छान चाललं.

त्या दिवशी भट्टीचं वार्षिक शटडाउन होतं. दुपारची वेळ. मी स्पेअर्सची डिलिव्हरी नोट घेऊन काकांच्या केबिनमध्ये गेले. अंगावर धूळ, डोळे लाल, पण खुशीत होते. फोन माझ्यापुढे धरून म्हणाले, "बघ बाई, आज कशी सरळ रेष आहे. चढ नाही, उतार नाही. परीक्षेच्या ड्यूटीवर आहे ना, खायला वेळ मिळाला नसेल अरबटचरबट." मीही बघितलं. खरंच, आखल्यासारखी रेष.

मी जिना उतरत होते तेवढ्यात वरून खुर्ची पडल्याचा आवाज आला. काका धावत खाली आले. त्यांच्या शेजारी राहणाऱ्या, शाळेतच शिकवणाऱ्या मल्याळी मॅडमचा फोन आला होता. काकू स्वयंपाकघरात बेशुद्ध सापडल्या होत्या. ॲम्ब्युलन्स निघाली होती.

गाडी मी चालवली. काका बाजूला बसले होते. हातातल्या फोनवर अजून तीच सरळ रेष होती, आणि तोच आकडा.

काकूंनी सकाळी इन्सुलिन घेतलं होतं. परीक्षेच्या गडबडीत डबा तसाच राहिला. घरी आल्या, पर्स बेडरूममध्ये टाकली, स्वयंपाकघरात गेल्या आणि तिथेच कोसळल्या. पर्समधला त्यांचा फोन, तो बंद, कधीच न उघडलेला फोन, ओरडत राहिला. इतका, की भिंतीपलीकडच्या मॅडमना शंका आली. त्यांच्याकडे किल्ली होती. आणखी थोडा उशीर झाला असता तर कठीण होतं, असं डॉक्टर म्हणाले.

काकूंना सलाईनमधून साखर सुरू झाली. त्यांनी डोळे उघडले, "पेपर कुणी गोळा केले?" असं विचारलं, आणि काका कॉरिडॉरमध्ये येऊन बाकावर बसले. अल कुसैसहून माझा नवरा पोचला होता. त्याने त्यांच्या हातातला फोन घेतला, पाहिला. आदल्या दिवशी ॲप आपोआप अपडेट झालं होतं. नव्या आवृत्तीने काकांची युक्ती ओळखली आणि आकडे देणं थांबवलं. पण थांबवलंय असं सांगितलं नाही. शेवटचा आकडा तसाच ठेवला आणि त्यावरून रेष पुढे ओढत नेली.

मला धास्ती वाटत होती की आता नवरा काही बोलेल. इतक्या शुक्रवारांचा वाद होता तो. त्याने फोन बंद करून काकांच्या शर्टाच्या खिशात ठेवला आणि म्हणाला, "चहा आणतो."

तो गेल्यावर काका माझ्याकडे न बघता बोलले. "मी त्या ॲपला फसवलं. त्याने मला फसवलं. मध्ये ती पडली."

दुसऱ्या आठवड्यात काका अल कुसैसला सर्व्हिस सेंटरमध्ये गेले. नवऱ्याने हे मला घरी येऊन सांगितलं. काकांनी दारात टोकन घेतलं आणि गर्दीत बसून राहिले. नवऱ्याने काचेतून पाहिलं, धावत बाहेर आला. "काका, आत या ना." काका म्हणाले, "नंबर यायचाय माझा."

नंबर आल्यावर ते काउंटरपाशी आले. "जावईबापू, मला एक बंद फोन द्या. पूर्ण बंद. मलासुद्धा उघडता येणार नाही असा."

नवऱ्याने नवा फोन काढून चालू केला. पडद्यावर अटी आणि शर्ती आल्या, खाली 'मान्य' असं बटण. जगातला कुठलाही माणूस ते बटण न वाचता दाबतो. काकांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि वाचायला लागले. पहिल्या ओळीपासून. मागे लोक चुळबुळ करू लागले. एक जण म्हणालाच, "खलास करो अंकल, सब सेम होता है." नवऱ्याने त्याला शेजारच्या काउंटरला पाठवलं. काका वाचत होते. मध्येच एकदा म्हणाले, "हे बघा, इथे सरळ लिहिलंय, आम्ही केव्हाही काहीही बदलू शकतो." शेवटच्या ओळीपर्यंत वाचून झाल्यावर काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि 'मान्य' दाबलं.

नवरा मला म्हणाला, "इतकी वर्षं ज्या माणसाशी भांडलो, तो हरू नये असं मला पहिल्यांदाच वाटत होतं."

यानंतर काका मवाळ झाले असतील असं वाटलं तर ते चूक. त्याच संध्याकाळी त्यांनी ॲपच्या कंपनीला पत्र लिहायला घेतलं. काकू लोडाला टेकून इंग्रजी तपासत होत्या. 'माझा फोन तुम्हाला पसंत नव्हता, तो तुमचा अधिकार मी मानतो. पण आकडे बंद केलेत तर बंद केले असं म्हणा. शिळा आकडा ताजा म्हणून दाखवू नका. हे कुलूप नव्हे, हा खोटेपणा आहे.' काकूंनी शेवटच्या वाक्याखाली रेघ मारली. "एवढं कडक नको." काका म्हणाले, "तू पडलीस." काकू म्हणाल्या, "मी पडले कारण मी डबा खाल्ला नाही. त्याला तुमचा फोन काय करणार आणि ती कंपनी काय करणार? सगळ्याचे मालक तुम्हीच व्हायला बघता. माझ्या पडण्याचे तरी नका होऊ."

मी तिथे बसून मटार सोलत होते. शेवटी काकांनी ते वाक्य तसंच ठेवलं, फक्त 'खोटेपणा'च्या जागी 'चूक' असा शब्द घातला.

उत्तर आलं, आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. काकांनी पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच उत्तर. असं बरंच चाललं. मग कधीतरी एका अपडेटनंतर ॲपमध्ये बदल झाला. आकडा यायचा थांबला की त्या जागी राखाडी रंगात 'माहिती मिळत नाही' असं दिसू लागलं. ते काकांच्या पत्रांमुळे झालं की आणखी कशामुळे, कोण सांगणार. काकांनी मात्र त्या शुक्रवारी श्रीखंड आणलं. काकूंना चमचाभर.

लोकांचे फोन उघडून देणं त्यांनी सोडलं नाही. पण आता आधी विचारायचे, "घरात आजारी कुणी आहे का? त्याचं काही या फोनवर चालतं का?" हो म्हटलं की फोन परत. स्वतः दोन फोन बाळगू लागले. डाव्या खिशात उघडा, उजव्या खिशात बंद. कुणी कारण विचारलं तर म्हणायचे, "इकडे मी आणि इकडे ती. संसार असाच असतो."

मग त्यांची निवृत्ती आली. त्या देशात नोकरी संपली की सामान बांधायचं, हे पहिल्या दिवसापासून सगळ्यांना माहीत असतं आणि तरी खोकी आली की घरात वावरवत नाही. त्यांच्या शेवटच्या 'शुक्रवारी', जो खरं तर शनिवार होता, आम्ही लवकरच गेलो. आमची मुलगी आता मोठी झाली होती. ती सोफ्यावर फोनमध्ये डोकं घालून काकांच्या प्रत्येक प्रश्नाला "आय ॲम गुड, आजोबा" असं उत्तर देत होती. भिंतींवर फ्रेम काढल्याचे चौकोन दिसत होते. काकूंनी पातेली कुणाकुणाला द्यायची ते ठरवून टाकलं होतं, आणि त्यातल्या एकातच शेवटचा मसालेभात केला होता.

वाद माझ्या नवऱ्यानेच काढला. म्हणाला, "काका, हल्ली एक गोष्ट मला पटत नाही. एकाच मॉडेलचे दोन फोन. दोन्ही ओरिजिनल. एकाची स्क्रीन काढून दुसऱ्याला लावली तर फोन म्हणतो, ही माझी नाही. कंपनीच्या कॉम्प्युटरने आशीर्वाद दिल्याशिवाय नीट चालत नाही. लोकांना काय सांगायचं कळत नाही मला."

"काय सांगता?" काकांनी विचारलं.

"जे सांगायचं असतं ते. सेफ्टी."

काका पुढे सरकून बसले. त्यांच्या डोळ्यांत ती जुनी चमक आली. "बरोबर. आता मला सांगा जावईबापू..." आणि तेवढ्यात त्यांच्या उजव्या खिशातला फोन ठणाणा वाजू लागला. पाठोपाठ आतून काकूंचाही.

काका वाक्य तिथेच टाकून उठले. काकू दारात आल्या होत्या. "अहो, येतंय मला घेता. बसा तुम्ही." पण ते फ्रीजपाशी पोचले होते. त्यांनी ज्यूसचा ग्लास काकूंच्या हातात दिला, खुर्ची ओढली, त्यांना बसवलं, आणि शेजारी उभे राहून फोनवरचा आकडा बघत राहिले. मुलीनेही मान वर केली होती. आकडा हळूहळू चढत गेला. काकू म्हणाल्या, "झालं ना? आता जेवा, गार होतंय."

काका परत येऊन बसले. पाणी प्यायले. गोंधळल्यासारखे इकडेतिकडे बघून म्हणाले, "हं, जावईबापू. कुठे होतो आपण?"

"तुम्ही म्हणणार होतात," माझा नवरा म्हणाला, "की स्क्रीन काचेची आहे, ती काही फोनची मुलगी नव्हे की कुणाच्या घरी द्यायची ते बापाने ठरवावं. की आम्ही वस्तू विकतो आणि तिच्यावरचा हक्क मागे ठेवतो. की दुरुस्त करायची मुभा नसेल तर ती विक्री नाही, ते भाडं आहे, आणि भाडं असेल तर तसं पाटीवर लिहा." तो बोलत राहिला. इतक्या वर्षांत काकांनी मांडलेला एकेक मुद्दा, त्यांनी मांडला नसेल इतक्या नेटकेपणाने. भात गार झाला.

काकांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग काकूंकडे एकदा बघितलं, बाह्या सरसावल्या आणि म्हणाले, "ठीक. आता कंपनीच्या बाजूने मी बोलतो."

आणि बोलले. चहा होईपर्यंत दोघे भांडत होते.